आईचा पंप रोज चालू आहे, तरी रात्रीची धाप जात नाही. चूक कुठं होतेय?

जांबोटीचा पाऊस

नमस्कार मंडळी. आईबद्दल विचारायचं होतं. वय ६३, दमा जडून पंधरा वर्षं झाली. आम्ही जांबोटीकडचे. मृग लागला की चार महिने भिंतीला हात लावला तरी ओल बोटाला येते, ट्रंकेतल्या लुगड्यांना बुरशी धरते. त्यात न्हाणीतला बंब आईला स्वतःच पेटवायचा असतो. ओलं सरपण आणि ही फुंकणी घेऊन बसलेली. सांगून थकलो.

आधी तिला कॅप्सूलचं यंत्र होतं, आत कॅप्सूल टाकून फिरवायचं आणि ओढायचं ते. गेल्या दिवाळीत बेळगावच्या डॉक्टरांनी ते बदलून दाबायचा पंप दिला. सकाळी दोन पफ, रात्री दोन. शिवाय धाप लागलीच तर निळा. आता हा निळा दीड महिन्यात संपायला लागलाय. डब्यावर २०० पफ लिहिलेत, म्हणजे दिवसाला चार-पाच झाले. आठवड्यातून तीन-चार रात्री दोन-अडीचला उठून खाटेची कड धरून बसते. मी पाठ चोळतो, दुसरं काय करणार.

मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, औषधाची पॉवर वाढवू. चिठ्ठी लिहून दिली आहे, अजून आणलेलं नाही. आणण्याआधी एक गोष्ट डोक्यात राहिली. परवा ती पंप मारताना मी समोर होतो, तर ओठांच्या कडेनं आणि नाकातनं पांढरा धूर आला. असा धूर येतो का सगळ्यांना? तिला विचारलं तर म्हणते, "मी काय बिगरीतली पोर हाय, मला पंप मारायला शिकवतोस?"

मामा दरवर्षी मृगाला तिला हैदराबादला दम्यावरचा औषधाचा मासा गिळायला नेतात, यंदाही नेलं. त्यांचं म्हणणं, पंपाची सवय लागते, सोडून दे. औषध बदलू, डॉक्टर बदलू, की आणखी काय? आषाढी एकादशी परवाच झाली, अजून सगळा पाऊस पुढं आहे म्हणून काळजी वाटते.

सह्याद्रीपुत्र

मामा बरोबर सांगतात. आमच्या शेजारच्यांनी दहा वर्षं पंप मारला, आता त्याशिवाय चालत नाही. फुफ्फुस आळशी होतं. अडुळसा, आलं, मध असा काढा सुरू करा. पंप हा शेवटचा उपाय.

मागवाला, वडगाव

जांबोटीच्या भावा, आधी त्या धुराचं बोलतो, बाकी नंतर. तो पांढरा धूर म्हणजे आईच्या छातीत जायचं होतं ते औषध. हवेत गेलं. पैसे तुझे गेले आणि रात्र तिची गेली.

मी डॉक्टर नव्हं. वडगावात माग चालवतो, साडीचे. सोळाव्या वर्षी मागावर बसलो आणि दमा बावीस वर्षांचा हाय. सुताची कुसं दिवसभर नाकातोंडात. त्या बावीसातली आठ वर्षं मी पंप चुकीचा मारला, रोज न चुकता, दोन वेळा. आठ वर्षांत तीनदा औषध बदललं, दोनदा पॉवर वाढवली. मला एकदा कुणी म्हटलं नाही की बाबा, ओढून दाखव बघू. मीही कधी दाखवला नाही. काय दाखवायचं त्यात, दाबायचं आणि ओढायचं.

मग एकदा भरती झालो. तिथं छातीच्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी माझाच पंप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, घ्या माझ्यासमोर. मी घेतला. त्या हसल्या नाहीत हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, तुमी काय काम करता ओ? मी म्हटलं माग. तर म्हणाल्या, तरीच.

आता हे कळायला तुला धोटा म्हाईत पाहिजे, मागावर आडवा दोरा इकडनं तिकडं नेतो तो. जुन्या मागाच्या धोट्यात दोरा गुंडाळलेली कांडी बसवली की दोऱ्याचं टोक त्याच्या बारक्या भोकातनं बाहेर काढायला लागतं. सुईदोऱ्यानं कोण काढत बसतंय? आम्ही तोंड लावायचो आणि सट्टकन ओढायचो. दोरा जिभेवर. दिवसातनं शंभर वेळा. सिस्टरचा भाऊ पण मागावरच होता. त्यांनी बघितलं की मी पंपाला तसंच तोंड लावतोय आणि तसंच सट्टकन ओढतोय.

आणि गंमत अशी की ते ओढणं चूक नव्हतं, यंत्र चुकीचं होतं. कॅप्सूलच्या यंत्राला तसंच ओढायला लागतं, जोरात, पहिल्या क्षणापासनं. त्यात फवारा नसतो की ढकलायला काही नसतं. तुमच्या ओढण्याच्या जोरावरच ती भुकटी फुटते, बारीक होते, आत जाते. हळू ओढलं तर निम्मी तिथंच बसून राहते. दाबायच्या पंपाचं बरोब्बर उलटं. त्याच्या डब्यात गॅस असतो, दाबलं की औषध आपणहून वेगानं सुटतं. त्यात तुम्ही वरनं सट्टकन ओढलं की ते घशाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळतं आणि तिथंच चिकटतं. खाली वळायला वेळच मिळत नाही. तिथं हळू पाहिजे, ताण्याचा तुटका धागा सांधताना धरतो तसं, झटका द्यायचा नाही.

आता तू लिहिलंस ते परत वाच. आई आधी कॅप्सूलवर होती, दिवाळीत पंप मिळाला. पंधरा वर्षांतलं बरंचसं ओढणं कॅप्सूलचं. यंत्र बदललं, श्वास जुनाच राहिला असणार. माझी पैज हाय.

मी कसा घेतो ते सांगतो, तू आईचं जुळवून बघ. टोपण काढायचं आणि आत डोकावायचं. हसू नको. माझा पंप बिनटोपणाचा खिशात असायचा, एकदा तोंडाशी नेला तर आत सुताची गुंतवळ अडकलेली. मग हलवायचा, चार-पाच वेळा नीट. मग श्वास बाहेर सोडायचा, सगळा, पण पंपात नव्हं, बाजूला. हे लोक करतच नाहीत. भरलेल्या घागरीत पाणी कुठं ओतणार? मग डबा उभा धरून, ओठ घट्ट मिटून, हनुवटी जराशी वर. ओढायला सुरुवात करायची आणि सुरुवात झाल्या झाल्या एकदाच दाबायचं. दाबलं म्हणून थांबायचं नाही, ओढत राहायचं, चार-पाच सेकंद, छाती भरेपर्यंत. मी आधी दाबायचो आणि मग ओढायचो, त्या अर्ध्या क्षणात सगळं जिभेवर. जिभेला गार लागलं की समजायचं, चुकलं. ओढून झालं की तोंड मिटून दहापर्यंत मोजायचं. दहा होत नसतील तर सहा मोजा, पण मोजा. दुसरा पफ लगेच नाही, अर्धा-एक मिनिट थांबून, परत हलवून. दोन पफ लिहिलेत म्हणून दोनदा खटाखट दाबून एकदाच ओढणारे खूप हायत.

आणि रोजचा जो पंप हाय, निळा सोडून दुसरा, त्यानंतर पाण्यानं खळखळून गुळणी करून थुंकायची. त्यात स्टेरॉइड असतं. मी करत नव्हतो. तोंडात पांढरे चट्टे आले, आवाज घोगरा झाला, मी घाबरून घशाचा कॅन्सर समजलो आणि बायकोला न सांगता विम्याची कागदं शोधली. बुरशी होती, गुळण्या आणि औषधानं गेली.

सह्याद्रीपुत्र, तुमच्या शेजाऱ्यांना पंपाशिवाय चालत नाही, कारण दमा गेलेला नाही. चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून चष्म्याची सवय लागली म्हणतो काय आपण? काढा घ्या की, मी पण सर्दीला घेतो. पण त्या काढ्यावर विसंबून रोजचा पंप बंद करा असं कुणाच्या आईला सांगू नका ओ. आणि मासा मी पण दोनदा गिळलाय. हैदराबादची ती रांग बघूनच धाप लागली.

निपाणीकर मेडिकलवाला

मागवाल्या आण्णांनी लिहिलं ते मी काउंटरवर रोज बघतो. आमच्याकडं जर्द्याच्या आणि विडीच्या धंद्यातली माणसं जास्त, तंबाखूची धस खाऊन छाती आधीच बेजार. एक आजोबा महिनाभर यंत्राच्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. डबीत कॅप्सूल दिसल्या, गिळल्या. यंत्र नातवाला खेळायला दिलं होतं. त्यांचा दोष नाही. मी पिशवीत टाकून दिलं, सांगितलं नाही, तो दोष माझा. त्या दिवसापासून दुकानात रिकामा पंप ठेवलाय, घेणाऱ्याला आधी त्यावर करून दाखवायला लावतो. मागं गिऱ्हाईक ओरडतं, ओरडू दे.

तुमच्या आई काही वेगळ्या नाहीत. दम्याच्या उपचाराची जी जागतिक मार्गदर्शिका डॉक्टर वापरतात, तिच्यात लिहिलंय की सत्तर ते ऐंशी टक्क्यांपर्यंत रुग्णांना पंप नीट वापरता येत नाही. २०१६ साली १९७५ ते २०१४ अशा चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तर अगदी बरोबर घेणारे ३१ टक्के निघाले. वाईट त्याहून पुढचं, चाळीस वर्षांत त्यात सुधारणा दिसली नाही. हा दाबायचा पंप बाजारात आला १९५६ साली, सत्तरीला टेकला, आणि अजून आपण त्याला तोंड कसं लावायचं ते शिकतोय. बरोबर ओढला तरी साध्या फवाऱ्यातलं दहा-वीस टक्क्यांच्या आसपासच फुफ्फुसात पोचतं, बाकी तोंडात आणि घशात. आधीच एवढंसं, त्यात चुकलं की उरतं काय.

त्यामुळं पॉवर वाढवण्याआधी पंप घेण्याची पद्धत आणि रोजचा नेम दोन्ही तपासावे, असंच त्या मार्गदर्शिकेत आहे. डॉक्टरांना चुकीचं ठरवायचं कारण नाही. बाहेर साठ पेशंट बसलेले असतात, त्यांनी विचारलं "पंप घेता ना?" आणि आई म्हणाल्या "घेतो की". दोघंही खरंच बोलले. पुढच्या वेळी पंप पिशवीत घेऊन जा आणि तुम्हीच म्हणा, एकदा बघा साहेब.

निळ्याचं मात्र मनावर घ्या. तो तात्पुरती नळी मोकळी करतो, आतली सूज कमी करत नाही. वर्षाला तीन किंवा जास्त निळे डबे लागले तर जोरदार झटका यायचा धोका वाढतो, आणि महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा धोका वाढतो. तुमचा दीड महिन्याला एक, म्हणजे वर्षाला आठ. डॉक्टरांना हा आकडा सांगा, ते "कधीकधी घेते" असं सांगू नका. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, रात्री दम्यानं एकदाही जाग आली का, निळा आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि दम्यामुळं कुठलं काम सोडावं लागलं का, हेच चार प्रश्न ते विचारतील. तुमच्या लिहिण्यावरून तीनाचं उत्तर तर आत्ताच हो आहे.

स्पेसर घ्या. पंपाला लावायची प्लॅस्टिकची नळी असते, काही शे रुपयांत येते. औषध आधी त्यात उडतं आणि तिथनं सावकाश ओढता येतं, त्यामुळं दाबणं आणि ओढणं एका क्षणात जुळवायची कसरत राहत नाही. घशात चिकटणारं जड औषध नळीतच राहतं. एक दाबायचं, ओढायचं, मग दुसरं. दोन्ही एकदम आत सोडायचे नाहीत. दम धरता येत नसेल तर तोंडातून न काढता सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. बोटांत जोर नसेल तर दोन हातांनी दाबू द्या. आणि पंप संपला का ते पाण्यात तरंगवून बघू नका, त्याचा भरवसा नाही. औषध संपल्यावरही गॅस फुस्स करतोच. मागं आकडा असेल तर तो बघा, नसेल तर डब्यावर सुरू केल्याची तारीख लिहा.

वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा निळा मारूनही उतार नसेल, तर इथं विचारत बसायचं नाही, गाडी काढायची. जांबोटीहून बेळगाव पावसात काही जवळ नाही.

उचगावची शिक्षिका

मध्येच विचारते. माझ्या भाच्याला, साडेतीन वर्षांचा, मास्क लावून पंप देतात. तो रडतो तेव्हा वहिनी म्हणतात, रडताना मोठा श्वास जातो, बरंच आहे. खरं का?

निपाणीकर मेडिकलवाला

नाही हो बाई. रडताना औषध आत जवळजवळ जातच नाही, आणि मास्क गालाला नीट बसत नाही. आधी शांत करा, मांडीवर घ्या, बाहुलीला एकदा लावून दाखवा. आणि मास्क लावून घेतल्यावर तोंड पुसा, चूळ भरायला लावा.

जांबोटीचा पाऊस

नागपंचमी झाली, लाह्यांची टोपली अजून ओट्यावरच आहे. साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. मध्ये चार दिवस लाइटच नव्हती.

वडगावच्या आण्णा, पैज तुम्ही जिंकलात. आईला शिकवतो म्हटलं असतं तर पंप माझ्याच डोक्यात मारला असता. म्हणून पोरीला पुढं केलं. आज्जी, शाळेत दाखवायचं आहे, तुझा व्हिडिओ काढू? मग काय, पदर सावरून बसली. व्हिडिओत सगळं दिसलं. हलवला नाही. श्वास सोडला नाही. आणि ओढणं तर असं जोराचं की मान मागं गेली, अगदी कॅप्सूलच्या यंत्रासारखं. वर एकच पफ घेऊन टोपण लावलं. मी म्हटलं, आये, दोन सांगितलेत की. तर म्हणते, "त्या सिस्टरनंच सांगितलंय, निदान एक तरी ओढा."

हे काही मला कळेना. सिस्टर असं का सांगेल? दोन दिवसांनी उलगडलं. बायकोचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड घरातलंच. ती म्हणाली, "अहो, सिस्टर 'निधानक्क एळ्कोळ्री' म्हणाल्या असणार." निधानक्क म्हणजे हळूहळू. सावकाश ओढा. आईचं माहेर चंदगड, कन्नड बाजारापुरतं, तेही भाजीच्या भावाचं. तिनं 'निधानक्क'चं 'निदान' केलं, आणि 'एळ्कोळ्री'तलं 'ए' ऐकून 'एक' केलं. दिवाळीपासून आठ महिने बाई निम्मं औषध घेतेय आणि तेही उलट्या पद्धतीनं, आणि वर सिस्टरचं ऐकलं म्हणून समाधान. आम्ही हसलो, मग बायको गप्प झाली. मीही. रोज त्याच घरात होतो की मी.

स्पेसर आणला. पहिले तीन दिवस "ही बाटली कुठली आणलीस" झालं. आता बायको समोर बसून मोठ्यानं मोजते, ओंदु, एरडु, मूरु, आणि आई दम धरून बोटं दुमडते. दहापर्यंत कन्नड आकडे आले तिला. चिठ्ठीतली जास्त पॉवर आणली नाही, पण मनानं नाही ठरवलं. आधी डॉक्टरांकडं गेलो, पंप पिशवीत, निळ्याचा आकडा कागदावर. व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, त्याच डोसवर महिना काढू म्हणाले आणि पुढच्या वेळी परत घेऊन दाखवायला सांगितलं.

आत्ताचं सांगायचं तर गेल्या आठवड्यात रात्री एकदाच उठली. निळा आठवड्यात पाच वेळा लागला, आधी तीसेक वेळा व्हायचा. पूर्ण बरी आहे असं नाही. ओल आहे तशीच आहे, आणि बंब. बंबाचं काम बायकोनं पहाटे उठून आधीच उरकायला सुरू केलंय, आई उठेपर्यंत पाणी तापलेलं. भांडण नको म्हणून. मामांना व्हिडिओ पाठवला, त्यांचं उत्तर आलं नाही.

एक विचारायचं राहिलं. आईनं काल स्पेसर भांड्यांबरोबर काथ्यानं आणि राखेनं घासला. चकचकीत करून पदरानं पुसून फळीवर पालथा घातलाय. चालेल ना?

मागवाला, वडगाव

अरे देवा. राखेनं? आतनं ओरखडे पडले असतील तर नवा घे बाबा. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून त्यात बुडवायचा, काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा, आत फडकं घालायचं नाही. पुसलं की प्लॅस्टिकला करंट चढतो, कंगवा डोक्यावर घासल्यावर कागदाचे कपटे उडतात नव्हं, तसा, आणि औषध आतच भिंतीला चिकटून बसतं. आठवड्यातनं एकदा पुरे, रोज नको. आणि सूनबाईला म्हणावं, महिन्या-दीड महिन्यानं परत व्हिडिओ काढा. आईचं येईल अंगवळणी, पण हात हळूहळू जुन्या वळणावर जातोच. माझाच गेला होता दोनदा, धोट्यावर.

जांबोटीचा पाऊस

नवा आणतो. जुना तिनं आत्ताच मागून घेतलाय, लसणाच्या पाकळ्या ठेवायला.